लॅबच्या कपाटाची किल्ली हातात आलीय, आता काय करू?

पत्र: सर नमस्कार. मी जूनपासून मराठवाड्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. प्रयोगशाळा सहायक चार वर्षांपूर्वी रिटायर झाले, जागा भरली नाही, त्यामुळे लॅबचा चार्ज आणि किल्ल्या माझ्याकडे आल्या. कपाट उघडलं तर निम्म्या बाटल्यांची लेबलं कसरीने खाल्लेली. एका बरणीत पिवळसर तेलात राखाडी ढेकळं आहेत, जीवशास्त्राच्या कप्प्यात पिवळ्या पावडरीची बाटली आहे, तिचं झाकण घट्ट बसलंय. छोट्या बाटलीत पारा आहे, आणि ॲसिडच्या मोठ्या बाटल्या सगळ्यात वरच्या फळीवर. (पूर्वी इथे अकरावी-बारावी सायन्स होतं, ते बंद झालं.) मुख्याध्यापक म्हणतात, जुनं सगळं बेसिनमध्ये ओता, पाणी सोडा आणि लॅब झाडून घ्या. आणि प्रॅक्टिकल मुलांना करू देऊ नका, तुम्हीच करून दाखवा. मागच्या आठवड्यात एका मुलाची बोटं सिल्व्हर नायट्रेटने काळी झाली, त्याची आई भांडायला आली, तेव्हापासून सर जास्तच घाबरलेत. वर्गात ६२ मुलं आहेत. हात लावू द्यायचा की नाही?

उत्तर:

नमस्कार मॅडम. तुमच्याएवढी माझी मुलगी आहे पण शाळेतल्या बाईंना मॅडमच म्हणायची ३१ वर्षांची सवय आहे, ती आता काय जाणार.

आधी बेसिनचं बोलू कारण ते आज-उद्याच होऊन जाईल अशी मला भीती वाटतेय. बेसिनमध्ये काहीही ओतायचं नाही. काहीही म्हणजे काहीही. तुमच्या त्या बरणीतली राखाडी ढेकळं बहुतेक सोडियमची आहेत आणि ते तेल म्हणजे रॉकेल, वर्षानुवर्षं राहिलं की पिवळं पडतं. सोडियम पाण्यात पडला की हायड्रोजन निघतो आणि उष्णता एवढी होते की तो हायड्रोजन पेट घेतो, वर्गात आपण मुगाच्या दाण्याएवढा तुकडा टाकून दाखवतो तोच फुरफुरत पळतो आणि कधीकधी फटकन फुटतो, इथे तर लिंबाएवढी ढेकळं असतील आणि वरून सर म्हणतात पाणी सोडा! सरांचं चुकतंय असं नाही हो, त्यांचा विषय इतिहास असेल नाहीतर मराठी असेल, त्यांना कुणी सांगितलंच नसेल. पारा ओतला तर तो पाइपच्या वाकात जाऊन बसेल आणि पुढची कित्येक वर्षं थोडा थोडा वाफ होत राहील. आणि ॲसिड, ब्लीचिंग पावडर, कसलं कसलं सॉल्ट असं एकामागोमाग एका पाइपात गेलं तर खाली कशाचा कशाशी संसार होईल सांगता येत नाही. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन निघतो एवढं तर आपणच मुलांना शिकवतो ना.

मग काय करायचं? पहिलं म्हणजे एकटीने करू नका. शनिवारी दुपारी शाळा सुटली, सगळे गेले, आता शांतपणे कपाट आवरू, हा विचार प्रत्येक विज्ञान शिक्षकाच्या मनात येतो आणि तोच सगळ्यात वाईट. कुणीतरी सोबत पाहिजे, शिपाईदादा चालतील, फक्त मुलं नकोत. खिडक्या उघड्या, डोळ्याला गॉगल, हातात रबरी हातमोजे, आणि पहिल्या दिवशी एकही बाटली उघडायची नाही, फक्त मोबाइलने फोटो काढायचे, वहीत लिहायचं, कुठली फळी, कुठली बाटली, काय दिसतंय. लेबल नसेल तर "अनोळखी १", "अनोळखी २" अशी चिठ्ठी. वास घेऊन ओळखायचा प्रयत्न करू नका, आमच्या वेळचे एक सर अमोनियाची बाटली नाकाशी नेऊन ओळखायचे आणि वर कौतुकाने सांगायचे, त्यांच्या नाकाचं पुढे काय झालं ते राहू द्या.

आता त्या पिवळ्या पावडरीचं. गंधक असू शकतं, पोटॅशियम क्रोमेट असू शकतं. पण जीवशास्त्राच्या कप्प्यात आहे, पूर्वी अकरावी-बारावी होती, आणि झाकण घट्ट बसलंय म्हणता, म्हणून मला पिक्रिक ॲसिडची शंका येतेय. ऊतींचे नमुने टिकवायच्या द्रावणात ते वापरायचे. ते ओलं असेपर्यंत ठीक असतं, म्हणूनच विकतानाही पाणी घालून विकतात, पण वर्षानुवर्षं पडून वाळलं की ते स्फोटकच, आणि झाकणाच्या आट्यात त्याचे कण अडकलेले असले तर झाकण फिरवताना होणारं घर्षणही पुरतं. म्हणून त्या झाकणाशी झटापट नाही, पकड आणून पिळायचं नाही, गरम पाण्यात बुडवायचं नाही, बाटली हलवायचीसुद्धा नाही. कपाट हळूच बंद, कुलूप, आणि मुख्याध्यापकांना लेखी पत्र, आवक क्रमांक टाकून. लेखी म्हणतोय ते भांडणासाठी नाही, तोंडी सांगितलेलं शाळेत संध्याकाळपर्यंत विरून जातं म्हणून. उद्या ती बाटली साध्या गंधकाची निघाली तर आपण दोघं हसू, काही बिघडत नाही.

बरणीचंही तसंच. रॉकेल ढेकळांच्या वर आहे का ते बाहेरूनच बघा. ढेकळांवर पांढरट कवच असेल तर बहुतेक सोडियम, पण पिवळं-नारिंगी कवच दिसलं तर तो पोटॅशियम असायची शक्यता आहे आणि जुना पोटॅशियम सोडियमपेक्षा जास्त लहरी, ते कवच सुरीने खरवडताना सुद्धा स्फोट होतो. चिमटा घालायचा नाही. आणि कुठल्या बाटलीत पाण्याखाली मेणासारख्या कांड्या दिसल्या तर तो पांढरा फॉस्फरस, तो पाण्याबाहेर आला तर साधारण ३०-३५ अंशाला आपोआप पेटतो, तुमच्याकडचा एप्रिल मी वेगळा सांगायला नको. त्यातलं पाणी आटलंय का तेवढं पाहा. आटत आलेलं असेल तर कांड्या उघड्या पडायची वाट पाहू नका, त्याच दिवशी जाणत्या माणसाला बोलवा.

हे सगळं नेणार कोण, हा खरा प्रश्न. तालुक्याला सीनियर कॉलेज असेल तर तिथल्या केमिस्ट्री डिपार्टमेंटच्या प्रमुखांना फोन करा, फोटो पाठवा, बऱ्याचदा एखादे सर मोटरसायकलवर येऊन बघून जातात, विज्ञानवाल्यांचा एवढा धर्म अजून शिल्लक आहे. पण त्यांच्या डिकीत बाटली देऊन पाठवू नका! धोकादायक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रं राज्यात आहेत, तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे, आणि त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या ऑफिसला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्यावं लागेल. पिक्रिकची शंका असलेल्या बाटलीसाठी पोलीस आणि अग्निशमन दलाला कळवायलाही लाजू नका. आणि साठा नोंदवहीतून वस्तू कमी करायची तर निर्लेखनाचा ठराव लागतो हे तुम्हाला नव्या असल्यामुळे माहीत नसेल, तो आधी करून घ्या, नाहीतर पाच वर्षांनी ऑडिटवाला विचारेल की पारा कुठे गेला आणि तुम्ही उभ्या.

पाऱ्यावरून आठवलं. पारा दिसायला एवढासा पण पाण्याच्या साडेतेरा पट जड, १०० मिलिलिटरची बाटलीच सव्वा-दीड किलोच्या घरात जाते, हातात घेतली की अंदाज चुकतो आणि सुटते. ती प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा. चुकून सांडला तर झाडू मारायचा नाही, झाडूने त्याचे बारीक थेंब होऊन फटीत जातात आणि वाफ वाढते. मुलं बाहेर, खिडक्या उघड्या, पंखा बंद, मग हातमोजे घालून जाड कागदाने थेंब एकत्र ढकलायचे, ड्रॉपरने उचलून झाकणाच्या बाटलीत, उरल्यासुरल्यावर गंधकाची पूड. आणि अंगठी, बांगड्या आधी काढून ठेवा, सोन्याला पारा लागला की सोनं पांढरं पडतं. आमच्या एका बाईंच्या पाटल्यांचं तसं झालं होतं, नवरा म्हणाला सोनाराने फसवलं, बिचाऱ्या सोनाराला दोन दिवस शिव्या बसल्या.

कपाट परत लावताना एबीसीडीप्रमाणे लावायचं नाही, दिसायला छान दिसतं पण ॲसिटोन आणि अमोनियम डायक्रोमेट शेजारी शेजारी येतात, म्हणजे पेटणारं आणि पेटवणारं एकाच फळीवर. ॲसिडच्या बाटल्या सगळ्यात खाली, जमिनीलगत, प्लास्टिकच्या घमेल्यात, आणि नायट्रिक ॲसिड बाकीच्यांपासून आणि स्पिरिटपासून लांब. वरच्या फळीवरून अडीच लिटरची बाटली काढताना ती सुटली तर ती तुमच्या तोंडावर येते हो. बाटल्यांवर पांढरा धुरकट थर दिसतोय का? दिसत असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि अमोनिया जवळजवळ ठेवलेत, तो नवसागर आहे, कपाटच तुम्हाला सांगतंय की आम्हाला वेगळं करा. आणि काळ्या पुडीची अनोळखी बाटली असेल तर तिचा वापर बंद. ऑक्सिजन तयार करताना पोटॅशियम क्लोरेटमध्ये मँगनीज डायऑक्साइड घालतात, ती काळी पूड, आणि कोळशाची पूडही काळीच. चुकून दुसरी पडली आणि नळी तापवली तर प्रयोग नाही, फटाका होतो.

आता माझी गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की हा माणूस सगळं पहिल्यापासून नीट करत होता. १९९४ साल असेल, नोकरीला चौथं वर्ष. सकाळची वेळ, खिडकीतून ऊन थेट टेबलावर. स्पिरिटचा एक दिवा विझला असं मला वाटलं. मुलं थांबलेली, तास संपत आलेला, मी परिचर काकांना म्हटलं काका पटकन भरा. त्यांनी मोठ्या बाटलीतूनच ओतायला घेतलं. दिवा विझला नव्हता. स्पिरिटची ज्योत फिकट निळी, उन्हात दिसतच नाही, वात बाजूला सरकवताना ज्योत बाटलीच्या तोंडाशी गेली आणि बाटलीतून भक्कन आगीचा लोळ बाहेर आला, काकांच्या बाहीवर. मी दोन सेकंद नुसता बघत होतो, हे मला आजही आवडत नाही. एका मुलीने, नववीतल्या, दाराशी पाय पुसायला टाकलेलं ओलं पोतं उचललं आणि काकांच्या हातावर टाकलं. खादीचा सदरा होता म्हणून थोडक्यात भागलं, मनगटावर डाग राहिला. टेरीकॉट असतं तर चिकटलं असतं.

त्यानंतर माझ्या लॅबमध्ये तासाच्या वेळी स्पिरिटचा कॅन कधीच आला नाही. दिवे सकाळी प्रार्थनेआधी भरायचे, गार असताना, अर्ध्याच्या थोडं वर, नरसाळ्याने, छोट्या बाटलीतून, आणि कॅन परत कुलपात. तासात दिवा संपला तर संपला, शेजारच्या ग्रुपचा वापरा नाहीतर उद्या. दिव्याने दिवा लावायचा नाही, फुंकर मारायची नाही, टोपी घालायची. तुम्ही म्हणाल हे तर पुस्तकातही आहे. आहे ना, पण पुस्तकात हे नाही की तास संपायला सात मिनिटं उरली की आपण सगळं विसरतो. मी जे काही लहानमोठे अपघात बघितले ते बहुतेक सगळे तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांतले. म्हणून प्रयोग ३५ मिनिटांच्या तासात कोंबू नका, जोडतास मागून घ्या, टाइमटेबलवाल्या सरांना चहा पाजा.

कपड्यांचं बोलतोच आहे तर, २००८ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या मोठ्या विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन सहायक हवेत आपोआप पेटणारं रसायन सिरिंजने काढत होती, सिरिंजचा दट्ट्या निसटला, अंगात ॲप्रन नव्हता आणि स्वेटर सिंथेटिक होता. अठरा दिवसांनी ती गेली. एवढी मोठी संस्था, सगळं असूनही नसल्यासारखं. आपल्याकडे मुलींच्या ओढण्या नायलॉनच्या, युनिफॉर्म टेरीकॉटचा. ओढणी काढून दप्तरात किंवा मागे गाठ मारून, वेण्या वर बांधलेल्या, आणि जुना सुती शर्ट उलटा घातला की ॲप्रन झाला, बटणं मागे. घरून वडिलांचा आणायला सांगा, माझी मुलं आणायची, लांब बाह्या दुमडून वर्ग अगदी गमतीशीर दिसायचा. गॉगल मात्र विकतच घ्या, हार्डवेअरच्या दुकानात साधे पारदर्शक मिळतात, एका ग्रुपपुरते घेतले तरी आलटून पालटून चालतात. चष्मा म्हणजे गॉगल नाही, बाजूने उडतं.

आता तुमचा खरा प्रश्न. हात लावू द्यायचा का? द्यायचा. दहावीच्या बोर्डाला प्रॅक्टिकलचे मार्क आहेत म्हणून नाही, ते तर तुम्हालाही माहितीय कसे पडतात. माझं म्हणणं असं की हल्ली वर्गातल्या निम्म्या मुलांना काडी ओढता येत नाही, घरी लायटर नाहीतर इंडक्शन, आणि ही मुलं उद्या कारखान्यात जातील, गॅरेजमध्ये जातील, शेतात फवारणीचं औषध कालवतील. ॲसिडच्या बाटलीला कसं धरायचं हे शाळेत नाही तर कुठे शिकणार? नुसतं करून दाखवलं तर पुढच्या बाकावरची दहा बघतात, मागची बावन्न टाळ्या वाजवायची वाट बघतात. मी तर नववीचा पहिला तास फक्त काडी ओढण्याचा घ्यायचो, अंगापासून लांब ओढा, जळकी काडी पाण्याच्या वाटीत, बस. मुलं हसायची. पण मग सोडियमचं नाव काढलं की तीच मुलं आपोआप दोन पावलं मागे.

६२ एकदम मात्र नाही. निम्मी लॅबमध्ये, निम्मी वर्गात दुसऱ्या कुणाकडे किंवा आकृत्या काढत, पुढच्या आठवड्यात उलट. ३१ मुलं, सहा ग्रुप, प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण फक्त बघणारा, त्याचं काम फक्त "थांबा" म्हणायचं, आणि तो थांबा म्हणाला की सगळ्यांनी हात टेबलावरून काढायचे. हे काम वर्गातल्या सगळ्यात मस्तीखोर मुलाला द्या, त्याच्याएवढं लक्ष कुणीच ठेवत नाही, कारण काय काय करता येईल ते त्यालाच आधी सुचलेलं असतं.

रसायनं जेवढी कमी तेवढं बरं. गोळ्यांची रिकामी पाकिटं असतात ना, त्या खळग्यात थेंबथेंब घेऊन आम्ल-आम्लारीचे, दर्शकांचे, मोरचुदाचे कितीतरी प्रयोग होतात, ड्रॉपरने, आणि सांडलं तरी दोन थेंब. तीव्र ॲसिड मुलांच्या हातात कधीच नाही, विरल करून तुम्ही सकाळीच ठेवायचं, पाण्यात ॲसिड, काचेच्या कांडीने ढवळत, थोडं थोडं. उलटं केलं तर पाणी हलकं म्हणून वरच राहतं, तिथेच उकळतं आणि तोंडावर उडतं. पिपेट तोंडाने ओढणं बंद, अजूनही शाळाशाळांत चालतं आणि मला त्याची खरंच चीड येते, रबरी फुगा मिळतो त्याचा. टेस्ट ट्यूब तिरकी, तोंड भिंतीकडे, तळाला एकाच जागी ज्योत नाही, हलवत राहायचं. वीजेचे प्रयोग दीड व्होल्टच्या सेलवरच, भिंतीतल्या सॉकेटला मुलांची वायर लागता कामा नये.

प्रदर्शन जवळ आलं की एक पोरगा हमखास येतो, मॅडम ज्वालामुखी करू. नारिंगी पावडर पेटवली की हिरवी राख उडते तो. ती पावडर म्हणजे अमोनियम डायक्रोमेट, त्यातल्या क्रोमियमने कॅन्सर होतो, आणि ती धूळ बघायला आलेले पहिलीतले पोरं नाकाने घेतात. मी स्वतः दोन वर्षं तो करून बक्षीस मिळवलेलं आहे, आज सांगताना लाज वाटते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा करा, बक्षीस नाही मिळालं तर नाही.

आणि काही झालंच तर पाणी. त्वचेवर ॲसिड पडलं, अल्कली पडली, चटका बसला, वाहतं पाणी २० मिनिटं, घड्याळ लावून, आणि भिजलेला कपडा पाणी चालू असतानाच काढायचा. डोळ्यात गेलं तरी तेच, पापण्या बोटाने उघड्या धरून, आणि मग दवाखाना. भिंतीवरच्या जुन्या तक्त्यात ॲसिडवर सोडा लावा असं लिहिलेलं असेल तर तक्ता काढा, सोडा लावायच्या नादात पाण्याची मिनिटं जातात. भाजल्यावर टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. पण तुमच्याकडे नळाला पाणी रोज येतं का? टँकर असेल, लाइट नसेल म्हणून मोटर चालत नसेल, तर प्रयोगाच्या दिवशी आधी एक पिंप भरून ठेवा, सोबत पाणी ओतायला एक मग आणि एक डबा. पिंप रिकामं असेल तर त्या दिवशी आम्ल-आम्लारी नाही, चुंबक घ्या. वाळूच्या दोन बादल्या, त्यात खडूचे तुकडे आणि पेरूच्या बिया टाकू न देता, आणि १०८ नंबर दारामागे मोठ्या अक्षरात.

त्या बोटं काळी झालेल्या मुलाच्या आईला भेटा. सिल्व्हर नायट्रेटचा डाग आहे, कातडी भाजलेली नाही, उजेडात चांदीचे कण सुटे होऊन काळे दिसतात, वरची कातडी गेली की डाग जातो, आठ-दहा दिवस. जमलं तर तिला लॅबमध्ये बोलावून गॉगल, पिंप, वाळूच्या बादल्या सगळं दाखवा. मुख्याध्यापक सरांना पण त्याच वेळी बोलवा, एका दगडात दोन... असू दे, ती म्हण लॅबमध्ये नको.

आणि त्या पिवळ्या बाटलीचा आणि बरणीचा फोटो मला पाठवा, कपाटाच्या काचेबाहेरूनच काढा. तोपर्यंत किल्ली शिपायाच्या खुंटीवर टांगायची नाही, तुमच्या पर्समध्येच राहू द्या.